विष कुठे तयार झालं? स्टॅफिलोकॉकसच्या आजारांत विचारायचा पहिला प्रश्न

‘रात्रीची बासुंदी सकाळी पुन्हा खळखळून उकळली होती. मग विषबाधा होईलच कशी?’ लग्नाच्या जेवणानंतर पंगतीतली माणसं दवाखान्यात दाखल झाली की आचारी हमखास हे विचारतो. तो खोटं बोलत नसतो. बासुंदी खरंच उकळलेली असते, तिच्यातले जंतूही बहुतेक मेलेले असतात. पण मरण्याआधी त्यांनी रात्रभरात जे विष बनवून ठेवलं, ते उकळीने जात नाही. अर्धा तास उकळलं तरी त्यातलं बरंचसं शाबूत राहतं.

या जंतूचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण तीन निरोगी माणसांपैकी एकाच्या नाकात तो कायमचा किंवा अधूनमधून मुक्कामाला असतो. काखेत, जांघेत, हातांवरही सापडतो. त्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो. कातडीला चीर पडली, केसाच्या मुळाशी घाम कोंडला, की तोच जंतू करट, केसतूड, नखुरडं किंवा रांजणवाडी करतो. हे आजार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. त्यांत जंतू जिथे असतो, तिथेच सूज आणि पू असतो.

या लेखाचा विषय मात्र याच जंतूचे दुसऱ्या जातीचे आजार. त्यांत नुकसान करतं ते जंतूने सोडलेलं विष, आणि ते जंतूपासून फार दूर जाऊन काम करतं. जंतू पातेल्यात मेलेला आणि माणूस घरी ओकतोय, किंवा जंतू नाकाच्या कडेच्या एका पुळीत आणि कातडी सोलून निघतेय सगळ्या अंगाची, असं होऊ शकतं. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता जंतू?’ हा नसून ‘विष कुठे तयार झालं?’ हा आहे. विष अन्नात तयार झालं असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. ते अंगात तयार होत असेल तर अँटिबायोटिक तातडीने हवं, आणि जिथे विष बनतंय ती जागा शोधून साफ करणंही तितकंच तातडीचं.

विष ताटात: जेवणानंतर काही तासांत उलट्या

स्टॅफिलोकॉकसच्या अन्नविषबाधेची मुख्य खूण म्हणजे वेळ. खाल्ल्यापासून अर्धा तास ते आठ तासांत, बहुतेकांना दोन ते चार तासांत त्रास सुरू होतो. आधी तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं, मग जोराच्या, एकामागून एक उलट्या होतात. पोटात पिळवटून कळा येतात. जुलाब होतात, पण उलट्यांचा जोर जास्त. ताप नसतो किंवा अगदी किरकोळ असतो. दुपारी एकला पंगत उठली आणि चारच्या सुमारास एकाच पंगतीतले बरेच जण एकदम ओकू लागले, तर संशय आधी या विषावर घ्यावा. दुसऱ्या दिवशी ताप चढून रक्त-शेंबेचे जुलाब लागले, तर आजार वेगळा. त्यात जंतू आतड्यात शिरून वाढलेला असतो, त्याला तेवढा वेळ लागतो.

त्रास इतका लवकर सुरू होतो, कारण विष तयार स्थितीतच पोटात जातं. जंतूला आत जाऊन वाढायची गरज नसते. मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी मात्रा माणसाला आजारी पाडायला पुरते. अन्नाचा वास, चव, रंग यांत काहीही फरक पडत नाही. ‘चव तर छान होती’ ही साक्ष इथे कामाची नाही.

जंतू अन्नात येतो बहुधा हातांतून. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोहून पॅरिसला निघालेल्या एका जपानी विमानात न्याहारीला हॅम घातलेली ऑम्लेटं दिली गेली. कोपनहेगनला उतरेपर्यंत साडेतीनशेच्या आसपास प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक जण आजारी पडले होते. तपासात धागा अलास्कातल्या अँकरेजच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. तिथल्या एका आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम होती, त्याच हाताने त्याने हॅम हाताळलं होतं, आणि तयार पदार्थ कित्येक तास पुरेशा थंडाव्याविना पडून होते. विमानात ते गरम करूनच वाढले होते.

उष्णतेला न जुमानणाऱ्या या विषाचं याहून मोठं उदाहरण जपानमध्येच २००० साली घडलं. होक्काइदोतल्या एका दूधभुकटीच्या कारखान्यात वीज गेली, दूध गरम अवस्थेत तासन्‌तास तुंबून राहिलं. पुढे पाश्चरायझेशन झालं, जंतू मेले, भुकटी तयार झाली. त्या भुकटीपासून बनवलेलं कमी स्निग्धांशाचं दूध ओसाका भागात विकलं गेलं आणि १३,००० हून अधिक लोक आजारी पडले.

घरी काय करायचं

या विषबाधेवर उतारा नाही आणि तो लागतही नाही. शरीर एका दिवसात बहुतेक विष बाहेर टाकतं. तोवर अंगातलं पाणी आणि मीठ टिकवणं एवढंच आपलं काम. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो कॉलराग्रस्तांचे जीव वाचवले. तेच ओआरएस इथेही उपयोगी.

मोठी पुडी असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूर्ण विरघळवा. लहान पुडी २०० मिलीलिटरसाठी असते. पुडीवर लिहिलेलं माप वाचूनच पाणी घ्या. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असं करू नका. पाणी कमी पडलं तर द्रावण जास्त खारट होतं आणि लहान मुलाला ते घातक ठरतं. पुडी मिळाली नाही तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. दुकानात खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, तेवढं बघा.

पाजायची पद्धतही महत्त्वाची. तहान लागली म्हणून माणूस ग्लासभर पाणी घटाघटा पितो आणि ते तसंच बाहेर येतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मग चमचा-चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. ते टिकलं की घोट वाढवत न्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. भूक लागली की पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक चालेल.

अँटिबायोटिक घेऊ नका. जंतू अंगात नाहीच, मग मारायचं कोणाला? जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. उलट्या फारच असतील तर त्या थांबवायचं औषध डॉक्टर देतील. मधुमेहाचं इन्शुलिन, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि रेटूनही घेऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका:

- सहा ते आठ तासांत लघवी झालेली नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले
- बाळ मरगळलेलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होते
- चमच्यानेही पाणी टिकत नाही
- उठताना घेरी, बरळणं, हातपाय गार
- जुलाबात रक्त किंवा भरपूर ताप
- रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे

खेड्यात आणखी एक सावधगिरी हवी. तोंडातून लाळेच्या धारा, घामाने निथळणारं अंग, बारीक झालेल्या बाहुल्या आणि धाप, अशी लक्षणं असतील तर ते कीटकनाशकाचं विष असू शकतं. तिथे ओआरएस पाजत बसण्यात वेळ जाता कामा नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

अनेक जण एकदम आजारी पडले असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. उरलेलं अन्न घाईघाईने ओतून टाकायची आपल्याला सवय आहे. तसं न करता प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना स्वच्छ, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या माणसांकडे द्या. कोणी काय खाल्लं आणि कोणाला किती वाजता त्रास सुरू झाला, ही यादी एखाद्या शिकलेल्या मुलाने वहीत लिहून काढली तर तपासाचं अर्धं काम होतं. ज्यांनी बासुंदी खाल्ली नाही ते सगळे ठणठणीत, हे त्या यादीतूनच कळतं.

आचाऱ्याची बोटं आणि घड्याळ

विष बनायला तीन गोष्टी लागतात: हात, कोमट अन्न आणि वेळ. शंभर माणसांचा स्वयंपाक असला की उकडलेले बटाटे सोलायला, पेढे वळायला, पनीर कुस्करायला, केळी-सफरचंद कापून फ्रूटसॅलडमध्ये टाकायला पाच-सहा जण बसतात. हे सगळे पदार्थ शिजल्यानंतर हाताळले जातात, हीच गोम आहे. कच्च्या भाजीला हात लागला तर ती पुढे शिजते. उकडलेल्या बटाट्याला लागलेला जंतू तसाच राहतो. त्यातून पेढे, बर्फी यांत साखर आणि खारवलेल्या मांसात मीठ भरपूर असलं, तरी या जंतूला त्याची फारशी पर्वा नसते. जिथे इतर जंतूंची वाढ खुंटते, तिथे याला मोकळं रान मिळतं.

म्हणून कामाला बसवण्याआधी प्रत्येकाची बोटं बघा. नखुरडं, पिकलेला चरा, भाजल्याचा फोड, मनगटावर करट असेल तर त्या माणसाला त्या दिवशी भांडी, सरपण, पाणी असं दुसरं काम द्या, आणि मजुरी पूर्ण द्या. मजुरी कापली तर पुढच्या वेळी तो बोट लपवील. साधा चरा असेल तर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा. हातमोजे घालून नाक पुसलं तर मोज्यांचा उपयोग संपला. साबणाने हात धुणं मोजे घातले तरी चुकत नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे वाफ निघत राहील इतका गरम ठेवा किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवा. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त नको. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात एकच तास. वीस लिटरचं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलं तर त्याच्या पोटातलं दूध पहाटेपर्यंत कोमटच असतं. तेच दूध चार-पाच पसरट परातींत ओतून, परात बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि मग फ्रीजमध्ये घातली, तर झपाट्याने थंड होतं. बासुंदी, रबडी, श्रीखंड, खरवस, क्रीमचा केक, उकडलेल्या अंड्यांचे किंवा चिकनचे पदार्थ यांना हा नियम विशेषकरून लागू.

गाई-म्हशीच्या कासेत दगडी, म्हणजे कासदाह, झाली असेल तर त्या सडाचं दूध बाजूला काढून टाका. त्यात हाच जंतू पुष्कळदा असतो. ते दूध कोमट राहिलं आणि विष बनलं, तर नंतर उकळून उपयोग नाही.

विष कातडीत: बाळाची साल सुटते तेव्हा

१८७८ साली प्रागच्या अनाथ बालकाश्रमातले डॉक्टर रिटर फॉन रिटरस्हाइन यांनी कातडी सोलून निघणाऱ्या २९७ बाळांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज त्या आजाराला स्टॅफिलोकॉकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम म्हणतात, कारण बाळाला उकळत्या पाण्याने भाजल्यासारखं दिसतं. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. या विषाविरुद्ध लहान मुलांच्या रक्तात प्रतिकारशक्ती अजून तयार नसते आणि त्यांची कोवळी मूत्रपिंडं विष लवकर बाहेर टाकू शकत नाहीत. मोठ्यांमध्ये हा आजार क्वचित, पण झाला तर बहुधा मूत्रपिंड निकामी असलेल्याला किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्याला होतो आणि जिवावर बेततो.

सुरुवात फसवी असते. मूल किरकिरं होतं, कधी ताप असतो, आणि कडेवर घेतलं की कळवळतं. एरवी आईच्या अंगाला बिलगणारं मूल हात लावू देत नाही, ही महत्त्वाची खूण. मग तोंडाभोवती, मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्यांत लाली येते. एक-दोन दिवसांत कातडी सुरकुतते, पातळ, लिबलिबीत फोड येतात. हलकेच घासलं गेलं तरी वरचा थर सरकतो आणि खाली ओली लाल कातडी दिसते. तोंडाभोवती खपल्या धरतात आणि ओठांपासून गालाकडे किरणांसारख्या चिरा पडतात. या चिरा एकदा पाहिलेला डॉक्टर पुढच्या वेळी दारातूनच निदान करतो.

आतलं कारण असं. कातडीच्या सर्वांत वरच्या पेशी एकमेकींना धरून ठेवायला डेस्मोग्लिन-१ नावाचं प्रथिन असतं. जंतूचं विष नेमकं तेच कापतं. तोंडाच्या आत आणि डोळ्यांच्या अस्तरात डेस्मोग्लिन-३ ही पकड सांभाळतं, त्यामुळे तिथे सहसा इजा होत नाही. औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेतही कातडी सुटते, पण तिथे तोंड, डोळे, लघवीची जागा यांत फोड येतात. म्हणून गेल्या महिन्याभरात मुलाला दिलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, आयुर्वेदिक किंवा घरगुतीसुद्धा.

या मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. उपचार शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा असतो, सोबत सलाइन, वेदनाशामक आणि अंग गरम ठेवणं. सोललेल्या कातडीतून पाणी आणि उष्णता झपाट्याने निघून जाते. जंतूचा मूळ अड्डा बहुधा दुसरीकडे असतो: नाक, डोळ्याची चिपडं, कानाची जखम, तान्ह्या बाळाची नाळ. फोडातल्या पाण्यात जंतू सापडत नाही, म्हणून तपासणीचा नमुना या ठिकाणांहून घेतला जातो. कातडीचा अगदी वरचाच थर सुटलेला असतो, त्यामुळे वेळेत उपचार झाले तर साधारण दोन आठवड्यांत मूल बरं होतं आणि व्रणही राहत नाहीत. हे आईला आधी सांगितलं पाहिजे, कारण त्या अवस्थेतलं मूल बघून तिचा धीर सुटलेला असतो.

घरून निघण्याआधी या गोष्टी करू नका. हळद, राख, टूथपेस्ट, शेण लावू नका. औषधाच्या दुकानातलं ‘खाज-खरजेचं’ मलम लावू नका. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं आणि ते इथे अपाय करतं. चिकटपट्टी लावू नका, कातडी तिच्यासोबत निघेल. अंग पुसताना घासू नका. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल वजनाच्या मानाने द्या, दुसरं दुखण्याचं औषध नको. आणि ‘देवी आल्या’ म्हणून कडुलिंबाचा पाला पसरून मुलाला घरात निजवू नका.

याचीच सौम्य आवृत्ती म्हणजे शाळेच्या मुलांना पावसाळ्याच्या दमट हवेत येणारे पाण्याचे पिवळसर फोड. ते फुटले की मागे गोल, ओलसर डाग उरतो. इथे विष फोडापुरतंच काम करतं. डॉक्टरांकडून मलम किंवा पोटातून घ्यायचं औषध घ्या. टॉवेल, चादर, कपडे वेगळे ठेवा, नखं कापा, फोड सुकेपर्यंत शाळा नको.

तान्ह्या बाळाच्या घरी एक काळजी घ्यायचीच. नाळ कोरडी आणि उघडी ठेवा, तिला काहीही लावू नका. मालिश करणाऱ्या बाईच्या बोटाला नखुरडं असेल तर आठ दिवस मालिश आईने किंवा आजीने करावी, तीही साबणाने हात धुऊन.

विष रक्तात: टॉक्सिक शॉक

तिसरा आजार विरळा, पण सर्वांत घाईचा. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डेनव्हर इथल्या डॉ. जेम्स टॉड यांनी आठ ते सतरा वर्षांच्या सात मुलांचं वर्णन ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ या नावाने प्रसिद्ध केलं. दोनच वर्षांनी अमेरिकेत पाळीच्या दिवसांत जास्त शोषणारे टॅम्पॉन वापरणाऱ्या शेकडो तरुणींना हा आजार झाला आणि त्यांतला एक ब्रँड सप्टेंबर १९८० मध्ये बाजारातून काढून घेतला गेला. तेव्हापासून हा फक्त बायकांचा आजार, असा समज पसरला. पण टॉड यांच्या त्या सात मुलांत मुलगेही होते. भाजल्याची छोटी जखम, ऑपरेशनची जखम, घोळणा फुटल्यावर नाकात भरलेली पट्टी, बाळंतपण किंवा सिझेरियन, साधं करट, यांपैकी कशातूनही हा आजार होतो.

या विषाचा घात वेगळ्या प्रकारचा आहे. एरवी जंतू शिरला की शरीरातल्या संरक्षक टी-पेशींपैकी त्याला नेमकं ओळखणाऱ्या मूठभर पेशीच जाग्या होतात. हे विष एका झटक्यात पाचातल्या एका टी-पेशीला उठवतं. चोर एका घरात शिरावा आणि सगळ्या गावाने लाठ्या घेऊन अंधारात दिसेल त्याला झोडपावं, तसं मग अंगात होतं. रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड, यकृत, स्नायू, मेंदू या सगळ्यांना झळ लागते.

लक्षणं काही तासांत वाढत जातात. ३९ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणं, अंग मोडून येणं, उलट्या-जुलाब, उन्हाने होरपळल्यासारखी अंगभर लाली, लाल डोळे, घसा आणि जीभ लाल, उभं राहिलं की घेरी, मग बरळणं. हातापायांच्या तळव्यांची साल निघते ती एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे तिची वाट बघत बसलं तर उशीर झालेला असतो.

लहान मुलांच्या बाबतीत भाजल्याची जखम ध्यानात ठेवा. चहा सांडून हात भाजला, जखम छोटी आणि दिसायला स्वच्छ, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत मूल अचानक तापाने फणफणलं, अंगावर लाली आली, उलट्या झाल्या किंवा ते मलूल पडलं, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. जखम चांगली दिसते यावर विसंबू नका. विष बनवण्यापुरते जंतू पू न करताही राहू शकतात. भाजल्याबरोबर करायचं ते एवढंच: नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, मग स्वच्छ कापड. बर्फ, शाई, टूथपेस्ट काही नको.

पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा. मेन्स्ट्रुअल कपमुळे हा आजार झाल्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत, पण नियम पाळावेत. घालताना-काढताना हात साबणाने धुवावेत, कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या आत तो काढावा, आणि पाळी संपल्यावर उकळावा. त्या दिवसांत ताप, लाली, घेरी आली तर टॅम्पॉन किंवा कप आधी काढा, मग निघा, आणि डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. पुरुष डॉक्टर समोर आहे म्हणून बायका हे सांगत नाहीत आणि डॉक्टरही संकोचून विचारत नाहीत. त्या एका वाक्यावर निदान अडून राहतं. एकदा हा आजार झालेल्या बाईने पुढे टॅम्पॉन आणि कप दोन्ही टाळावेत. कित्येकींच्या शरीरात या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होत नाही, आणि आजार उलटू शकतो.

उपचार अतिदक्षता विभागात होतात. भरपूर सलाइन, रक्तदाब टिकवणारी औषधं, आणि विषाचा कारखाना बंद करणं: नाकातली पट्टी काढणं, करट फोडून पू काढणं, ऑपरेशनची जखम पुन्हा उघडून धुणं. बाहेरून बरी दिसणारी जखम उघडायला नातेवाईक तयार होत नाहीत, पण इथे डॉक्टरांचं ऐका. अँटिबायोटिक सहसा दोन दिली जातात. एक जंतू मारणारं, दुसरं क्लिंडामायसिनसारखं, जे जंतूला विष बनवूच देत नाही. फारच गंभीर रुग्णाला इम्युनोग्लोब्युलिन देतात. हे घरी किंवा छोट्या दवाखान्यात करण्यासारखं काम नाही.

रक्ताच्या कल्चरमध्ये या आजारात जंतू बहुधा सापडत नाही, कारण रक्तात विष असतं, जंतू जखमेतच असतो. ‘कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे जंतुसंसर्ग नाही’ असं म्हणून कोणी घरी न्यायची घाई करू नये.

पावसाळ्यातला घोळ

जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे तापाचे दिवस. ताप, अंगदुखी, लाली आणि उलट्या ही टॉक्सिक शॉकचीही लक्षणं, पण ती दिसली की आधी डेंग्यूची तपासणी होते. डोळे लाल आणि पुराच्या पाण्यातून चालल्याचा इतिहास असेल तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ पसरली, ती बघता हा संशय योग्यच आहे. लहान मुलांत कावासाकी आजारही असाच दिसतो. हे वेगळं करणं डॉक्टरांचं काम. आपलं काम म्हणजे त्यांना धागा देणं. डेंग्यूच्या संशयाने दाखल झालेल्या रुग्णाच्या पाठीवर पिकलेलं करट आहे, हे अंथरूण बदलताना घरच्यांच्याच नजरेला पडतं.

करटाचा आदर करा

हे सगळे आजार टाळायचे तर सुरुवात साध्या करटापासून करावी लागते. गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेका. पिळू नका, विशेषतः नाकावरचं आणि वरच्या ओठावरचं. पिकलं की डॉक्टरांकडून फोडून घ्या. ताप आला, भोवती लाली पसरत चालली, तर थांबू नका. वारंवार करटं होत असतील तर रक्तातली साखर तपासा. कित्येकांचा मधुमेह असाच पहिल्यांदा सापडतो. एकाच घरात दोघातिघांना होत असतील तर टॉवेल, वस्तरा, उशीचे अभ्रे वेगळे करा.

दुकानातून दोन-तीन अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून अर्धवट कोर्स घ्यायची सवय मोडा. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, ज्याला डॉक्टर एमआरएसए म्हणतात, तो अशाच वापरातून फोफावतो. पुढे खरोखर गरज पडली तेव्हा नेहमीचं औषध लागू पडत नाही.

दवाखान्यात सांगायची पाच वाक्यं

रात्री-अपरात्री, घाबरलेल्या अवस्थेत नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं. म्हणून ही पाच वाक्यं वाटेतच मनात जुळवून ठेवा:

१. शेवटचं काय, कुठे, किती वाजता खाल्लं. त्रास किती वाजता सुरू झाला. सोबत खाणाऱ्यांपैकी आणखी कोणाला आहे का.

२. गेल्या दोन आठवड्यांत अंगावर कुठेही जखम, भाजणं, करट, नखुरडं, ऑपरेशन, बाळंतपण किंवा नाकात पट्टी.

३. पाळी चालू आहे का. टॅम्पॉन किंवा कप वापरला का.

४. गेल्या महिन्यात घेतलेली सगळी औषधं आणि मलमं. नाव आठवत नसेल तर पाकीट सोबत न्या.

५. शेवटची लघवी कधी झाली.

पहिल्या वाक्याचं उत्तर भरभक्कम आणि बाकी काही नसेल, तर विष ताटातलं; ओआरएस आणि नजर, एवढं बहुधा पुरतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि सोबत ताप, लाली किंवा घेरी असेल, तर विष अंगात बनतंय. तेव्हा सकाळपर्यंत वाट बघू नका.